मास्तर, तो बारावा कोट कोणाचा होता

मास्तर, तू गेला हे सांगायला तुझा ताशेवाला माझ्या वावरात आला तेव्हा मी वांग्यांना पाणी देत होतो. मी त्याला पहिला प्रश्न हाच केला, "खरंच गेला, का एका दिवसाच्या दोन सुपाऱ्या घेऊन बसला?" तो बिचारा माझ्या तोंडाकडं पाहत राहिला. त्याचा दोष नाही. पण माझाही नाही. मागं एकदा तू ताप आला म्हणून निरोप धाडला होता, आणि त्याच दिवशी पैनगंगेच्या पलीकडं एका मोठ्या घरच्या लग्नात लाल कोट घालून क्लॅरनेट वाजवत होता. माझ्या मेव्हण्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. असा माणूस ऐन वैशाखात, लगनसराईत मेला म्हणतात, तर शंका येणार नाही का?

तरी मी पाणी तसंच सोडलं, हातपाय धुतले आणि बस धरली. तुझ्या दारात येऊन बसलो. तिथं काय झालं ते पुढं लिहितो. आधी आपलं भांडण.

तुझ्याबद्दल लोक चांगलंच बोलतील. किसन मास्तरच्या क्लॅरनेटवर घोडा नाचायचा, जैनथपासून आदिलाबादपर्यंत असा बँड नव्हता, असं सगळं. ते खरंच आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझं तुझ्याकडं एकच विचारणं होतं, आणि ते तू उत्तर न देता घेऊन गेला. माझ्या शांतेच्या लग्नात तू मला फसवलं का नाही? बारा कोटांतला एक माणूस वाजवत नव्हता. तो कोण होता, आणि त्याच्यासाठी तू माझ्या लेकीचं लग्न रस्त्यात उभं काऊन केलं?

आपली ओळखच संशयातून झाली. पुतण्याच्या लग्नाला बँड ठरवायचा होता. थोरला भाऊ म्हणाला, "तू जा. तुले कोणी गुंडाळू शकत नाही." ते बरोबर होतं. बाजारात वरची वांगी पाहून पाटी घेणाऱ्यातला मी नाही. खालपर्यंत हात घालतो. आदिलाबादला बसस्टँडच्या मागं तुझी खोली होती. खुंट्यांवर लाल कोट, भिंतीला पितळेचे बाजे, खाली सतरंजी. तू बसल्या बसल्या क्लॅरनेट वाजवून दाखवली. मी डोळे मिटले नाहीत. चांगलं वाजवणारा माणूसच जास्त फसवतो, असं मनात म्हटलं. दहा माणसं ठरली.

लग्नाच्या दिवशी दहा कोट आले. मी मिरवणुकीच्या मागं-पुढं फिरलो. एक जण खुळखुळा नुसता हातात धरून होता. दुसरा ट्रम्पेटवाला गाल फुगवत होता, पण बोटं दाबायची तिथं दाबत नव्हता. मी त्याच्या बाजाच्या तोंडापुढं हाताचा पंजा धरला. काही नाही. तिथं दिवा धरला असता तरी विझला नसता.

मी तुला बाजूला घेतलं. तू हसत म्हणाला, "पाटील, लगनसराई हाय. एका दिवशी चार लग्नं. माणसं कोठून आनू? दोन माणसं कोटात उभे केले म्हंजे मिरवणूक भरल्यावानी दिसते."

"मले भरल्यावानी नाही पायजे. भरलेली पायजे."

"बाकीचे बँडवालेही असंच करतात."

"मंग त्यायच्याही बाजापुढं हात धरीन."

तेव्हापासून तू मला पाटील म्हणायचा ते मानानं का टोमण्यानं, हे मला कधी कळलं नाही. मी काही पाटील नाही. भाजी पिकवून विकणारा माळव्यावाला आहे.

पुढच्या वर्षी गावातल्या दुसऱ्या लग्नाला परत तुलाच आणलं. लोक म्हणाले, चोर म्हणतोस आणि त्यालाच बोलावतोस. मी म्हटलं, ओळखीचा चोर बरा. त्या वेळी मी सगळ्यांच्या बाजापुढं हात धरून आलो. सगळीकडून गरम हवा येत होती. मी खूश होऊन जेवायला बसलो. मग मेव्हणा म्हणाला, "दाजी, डावीकडच्या दोघायचा आवाजच येत नव्हता." तेव्हा समजलं. तू त्यांना नुसती फुंकर मारायला शिकवून आणलं होतं, खास माझ्या हातासाठी. हवा होती, सूर नव्हता. मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, मनात थोडं बरंही वाटलं. माझ्यासाठी एवढी मेहनत कोणी घेतली नव्हती.

मग मी नियम केला. नवरदेव मारुतीच्या पारावर आला की मिरवणूक निघायच्या आधी एकेकानं एकट्यानं वाजवून दाखवायचं. घोड्यावर नवरदेव खोळंबलेला, बाया आरत्या घेऊन उभ्या, आणि इकडं तुझा एकेक माणूस पुढं येऊन वाजवून राह्यला. पहिल्यांदा लोक मला हसले. मग पाहायला जमू लागले. पुढं पुढं तर पाहुणे विचारायचे, "परीक्षा झाली का, का अजून व्हायची हाय?" आमच्या गावात लग्न म्हटलं की ते एक चालूच झालं. तू कुरकुर करायचा. एकदा मात्र म्हणाला, "तुमच्या गावाले यायचं म्हटलं का माहे पोरं आदल्या दिवशी रियाज करतात. दुसऱ्या गावाले जातात तं बिडी पीत जातात." मी म्हटलं, हे मला खूश करायला बोलून राह्यला. अजूनही तसंच वाटतं. पण ते वाक्य मी विसरलो नाही.

जेवणाचं एक सांगतो. तुझा हट्ट असायचा, माझी माणसं दुपारीच जेवतील, आणि मांडवात सगळ्यांबरोबर बसून जेवतील, मागच्या अंगणात नाही. गावात काही जणांना ते टोचलं. मी म्हटलं, बसू द्या. लोकांना वाटलं माझं मन मोठं. मन-बिन काही नाही. उपाशी माणूस बाजा फुंकू शकत नाही, आणि मला माझे पूर्ण सूर पाहिजे होते. पण पहिल्यांदा तुझी माणसं पंगतीत बसली त्या दिवशी तू माझ्या पानावर स्वतःच्या हातानं बुंदी वाढली.

आणि माझी माय गेली तेव्हा. म्हातारी भरल्या घरातून गेली होती, नातवंडं-पतवंडं पाहून. मी कोणाला बोलावलं नव्हतं. तू एकटाच आला, कोट न घालता, आणि तिरडीच्या पुढं चालत तिचा आवडता अभंग क्लॅरनेटवर वाजवत नदीपर्यंत गेला. मी मायच्या मागं चालताना रडत होतो, आणि मनात हेही चाललं होतं की हा आता याचं काय मागणार. तू काही मागितलं नाही. मी वर्षभर वाट पाहिली. दुसऱ्या वर्षीही पाहिली. तू न मागून मला जास्त कोड्यात टाकलं, मास्तर.

आता शांतेचं लग्न.

पैनगंगेपलीकडची सोयरीक. बँड मुलीकडून, असं बोलीत ठरलं. मी तुला म्हटलं, बारा माणसं, आणि बाराही वाजवणारे. तू म्हणाला, "तुमच्या पोरीच्या लग्नात मी बेइमानी करीन का?" हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. त्या दिवशी मी नवरीचा बाप होतो. व्याह्यांना उतरवलं होतं त्या जानोशातून आणायचं, पाय धुवायचे, आचाऱ्याकडं बघायचं. पारावरची परीक्षा घ्यायला माणूसच नव्हता, आणि हे तुला पक्कं माहीत होतं. म्हणून मिरवणूक मांडवाच्या तोंडाशी आली तेव्हा मी सगळं सोडून पुढं गेलो.

बारा कोट. मी सवयीनं हात धरत गेलो. गळ्यात अडकवायचा तो मोठा पितळी कर्णा ज्याच्याकडं होता, त्याच्यापाशी थांबलो. काही नाही. मी हात आत कोपरापर्यंत घातला. पितळ उन्हानं तापलेलं होतं, पण हवा नाही. मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. गाल फुगवलेले, डोळे माझ्या डोळ्यांत. मोठे कान, उजव्या भुवईत जुन्या जखमेची खूण. हा चेहरा तुझ्या बँडात मी कधीच पाहिला नव्हता.

मी म्हटलं, "कोट काढ."

त्यानं कोटाची कॉलर घट्ट धरली. तू वाजवता वाजवता थांबला. "पाटील, याले राहू द्या."

"कोन व्हय हा?"

"माहा मानूस हाय."

"तुहे सारे मानसं मले ठाऊक हाय. हा कोन व्हय?"

"सांगता येत नाही. राहू द्या. तुमच्या पाया पडतो."

तू पाया पडतो म्हणालास, तिथंच माझं डोकं फिरलं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात अनोळखी माणूस दिसला की मनात दोनच गोष्टी यायच्या. एक तर साध्या कपड्यातला पोलीस, नाहीतर जंगलातला बंदूकवाला. दोन्हीपैकी काहीही असो, तो माझ्या लेकीच्या मांडवात लाल कोट घालून उभा होता. मागून कोणी जीप घेऊन आलं असतं तर? व्याही उठून निघून गेले असते, आणि शांता हळदीच्या अंगानं घरात बसली असती. मी म्हटलं, "हा गेल्याबिगर मिरवणूक पुढं सरकनार नाही."

तू क्लॅरनेट खाली केली. बाकीच्यांनीही बाजे खाली केले. तू म्हणाला, "मंग आमी सारेच जातो."

बँड बंद पडला की लग्नाच्या रस्त्यात कशी शांतता होते, ते त्या दिवशी कळलं. घोड्याच्या नाकातला श्वास ऐकू येत होता. व्याही पुढं आले. "काय भानगड व्हय? मुहूर्त टळून राह्यला. आमाले रस्त्यात उभे करायले बोलावलं का?" मी काय सांगणार? की तुमच्या वरातीत एक माणूस आहे आणि तो कोण आहे हे मलाच माहीत नाही?

तेवढ्यात माझी बायको मांडवातून बाहेर आली. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "शांता म्हनते, नवरदेव उनात उभा हाय. आदी त्याले आत घ्या, कोट मंग मोजत बसा."

मी बाजूला झालो. तू वाजवलं, आणि असं वाजवलं की व्याही सगळं विसरले. अक्षता पडल्या. तो माणूस शेवटपर्यंत कर्णा गळ्यात घालून गाल फुगवत उभा राहिला. जेवायला मात्र बसला नाही. वाढायला गेलो तर दिसलाच नाही. त्यामुळं शंका अजून घट्ट झाली. शुद्ध माणूस लग्नातून उपाशी काऊन जाईल?

त्यानंतर मी गावात तुझा बँड येऊ दिला नाही. दुसरे आणले. ते कसे वाजवायचे हे मी लिहीत नाही, तुला सुख होईल. बाजाराच्या दिवशी तू माझ्याच पाटीवर यायचा, दुसरीकडं वांगी स्वस्त असली तरी. मी पाटी पुढं करायच्या आधी विचारायचो, "तो कोन होता?" तू वांगं दाबून बघत म्हणायचा, "तुमाले सांगून काय फायदा? तुमी कोठं इस्वास ठेवता?" "सांगून तं पाय." "वचन देल्लं हाय पाटील." "कोनाले?" "तेच तं सांगता येत नाही." आणि वांगी घेऊन निघून जायचा. शांता माहेरी आली की म्हणायची, "बाबा, सोडा न आता. मले तं बँड चांगला ऐकू आला." तिला काय, ती आत बसली होती.

मागच्या पोळ्यानंतर तू बाजारात यायचा बंद झाला. मला वाटलं, रागावला. कोणी सांगितलं खोकला आहे. मी म्हटलं, असेल, नाहीतर नसेल.

आता तुझ्या दारातलं. मी आलो तेव्हा तुला नेऊन झालं होतं. वहिनी आत बायांत होत्या. बाहेर लिंबाखाली माणसं बसली होती. मी एका बाजूला बसलो आणि समोर पाहिलं. मोठे कान. उजव्या भुवईत खूण. केस पांढरे झालेले, पण तोच. धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. बारा गावच्या बाजारांत मी हा चेहरा शोधत हिंडलो होतो, आणि तो तुझ्या दारात बसून तंबाखू मळत होता.

मी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "तुमी बँडात हाय का?"

"नाही बा. मी हळद पिकवतो. मुधोळकडचा हाय."

"एका लग्नात मोठा कर्णा गळ्यात घालून होते तुमी."

त्यानं तंबाखू मळायची थांबवली. माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, "तुमी त्याच्यात हात घातलावता. हाताला मिरच्यांचा वास होता. माझ्या डोळ्यातून पाणी आलं, पर पुसता आलं नाही."

मी म्हटलं, "कोन होते तुमी? पोलीस, का दुसरे?"

तो हसला. सुतकाच्या घरी हसू नये म्हणून तोंडावर उपरणं धरलं. मग त्यानं सांगितलं.

"माझ्या पोरीचं लगन ठरलंतं. मास्तरच्या खोलीत गेलो. त्यांनी वाजवून दावलं. म्या म्हनलं, सावलीत बसून कोणीबी वाजवतंय. उनात, चालताना, घामात कसे वाजवतेत ते मला ऐकायचंय. मास्तर म्हनले, चला मग उद्याच्या लग्नाला. म्या म्हनलं, बिनबोलावता कोणाच्या मांडवात जायची आमच्या घरात रीत नाही. तर त्यांनी कोट काढून दिला. म्हनले, हा घाला. मग तुमी पावणे नाही, माझा माणूस."

"मंग मी काढ म्हनलं तवा काऊन नाही काढला?"

"कसा काढू? तुमच्या इवायांच्या लोकांत आमच्या गावचा एक जण उभा होता. कोटात वळखलं नव्हतं त्यानं. उद्या गावात झालं असतं की अमका माणूस परक्याच्या वरातीत बँडवाला बनून हिंडायलाय, तर माझ्या पोरीच्या सासरी काय तोंड दाखवलं असतं? म्या आधीच मास्तरकडून वचन घेतलंतं. मेलो तरी कोणाला सांगू नका म्हनलंतं."

"जेवले काऊन नाही?"

"सांगितलं की. बिनबोलावता."

मी मनात हिशोब लावला. बारा ठरले होते. हा हळदवाला धरून बारा कोट होते. म्हणजे वाजवणारे अकराच. म्हणजे मास्तर, एका माणसापुरता तू मला फसवलंच, आणि माझा हात खोटा नव्हता. हे मी तुझ्या तेराव्यालाही चारचौघांत सांगणार आहे.

पण दुसरं हेही आहे. मी बाजारात सगळ्यांपुढं तुला किती बोललो. तू एका शब्दात सुटला असतास. मी ते लगेच गावभर केलं असतं, हेही तुला ठाऊक होतं. म्हणून तू वांगं दाबत उभा राहिला.

मी त्या माणसाला विचारलं, "मंग सुपारी दिली का याले?"

"दिली ना. एका अनोळखी माणसाच्या अब्रूसाठी सगळा बँड बाजे खाली करून उभा राहिला. तवाच ठरवलं, आणायचा तर हाच."

"किती मानसं?"

"बारा ठरले, बारा आणले."

"सारे वाजवत होते?"

त्यानं तंबाखू दाढेखाली धरली. मग हळूच म्हणाला, "अकरा."

"अन् बारावा? त्याले इचारलं नाही तुमी कोन म्हनून?"

"नाही. हाताला धरून पंगतीत नेलं. माझ्या शेजारी बसवून पोटभर वाढलं."

मास्तर, मी परत येताना बसमध्ये कोटातला न वाजवणारा एकेक चेहरा आठवत आलो. पहिल्या वर्षीचा खुळखुळ्यावाला आणि ट्रम्पेटवाला चोरच होते, तिथं मी मागं हटणार नाही. तू स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. फुंकर मारणारे दोघंही चोर. पण मधल्या एका वर्षी पारावरच्या परीक्षेत एक बुटका, पिकल्या मिशीचा माणूस सापडला होता. त्याला बाजा कुठून धरायचा हेही माहीत नव्हतं. सगळं गाव हसलं. मी म्हटलं, कोट उतरव आणि चालता हो. तू काही बोलला नाहीस. त्यानं कोट उतरवला, बाह्या आत घेऊन नीट घडी केली, पाराच्या दगडावर ठेवली, मारुतीला नमस्कार केला आणि बसस्टँडच्या वाटेनं गेला. चार घटकांच्या मजुरीला आणलेला माणूस कोटाची अशी घडी करत नाही. तो कोणाचा बाप होता, मास्तर? आणि त्याच्या पोरीच्या लग्नात मग कोण वाजवायला गेलं?